पांढऱ्या आठवड्यातली अंडी

फोन आला तेव्हा मी शेजारच्या दोम्निकाच्या स्वयंपाकघरात अंडी फुंकत बसले होते. अंडं फुंकायचं म्हणजे दोन्ही टोकांना सुईनं भोक पाडायचं आणि गाल फुगवून आतलं सगळं वाटीत काढायचं. सहा-सात झाली की कानशिलं ठणकायला लागतात. माझं चौदावं चाललं होतं. दोम्निकानं फोन उचलला, दोनदा "हो, हो" म्हणाली.

"मार्च?" ती म्हणाली. "मार्च कसा? ईस्टर तर एप्रिलच्या शेवटाला आहे."

पलीकडे सुचावा शहरातली मुलगी होती. व्हिएन्नाच्या दुकानदाराचं बोलणं आम्हाला आमच्या भाषेत सांगायचं काम तिचं. आवाज इतका खणखणीत की मला चुलीपाशी ऐकू येत होता. "तुमचा ईस्टर एप्रिलमध्ये, दोम्निकाबाई. त्यांचा तेवीस मार्चला. ते कॅथलिक ना! दोन आठवडे आधी गाडी यायची ठरलंय. म्हणजे येत्या आठ तारखेला, शनिवारी. तीनशे अंडी. होत आली असतील ना?"

झाली होती बावन्न.

"होतायत," दोम्निका म्हणाली आणि फोन ठेवला. मग ती खाली बसली ती तिथंच, लाकडाच्या पेटीवर. माझ्या हातातलं अंडं दाबलं जाऊन फुटलं आणि मांडीवर सांडलं तरी मला कळलं नाही.

कारण चूक तिची नव्हती, माझी होती. जानेवारीत तिनं मला विचारलं होतं, "आनिसियामावशी, ईस्टरच्या दोन आठवडे आधी म्हणजे कधी हो?" मी मोठ्या शहाणपणानं चर्चचं कॅलेंडर घेतलं, बोटांवर दिवस मोजले आणि लाल पेन्सिलीनं गोल केला. बारा एप्रिल, शनिवार. वरच्या गावात पोलिश कॅथलिक राहतात, ते कधीकधी आपल्या ऑर्थोडॉक्सांच्या आधी ईस्टर करून मोकळे होतात, हे काय मला ठाऊक नव्हतं? अठ्ठावन्न वर्षं बघतेय. पण गेल्या वर्षी, पहिल्याच ऑर्डरीच्या वेळी, दोन्ही ईस्टर एकाच दिवशी आले होते. आणि भिंतीवर कॅलेंडर तर आपलंच असतं. माणूस बघतो ते त्यातच.

"मावशी," दोम्निका हळूच म्हणाली, "तारीख मी मोजली. कुणी विचारलं तर तारीख मी मोजली."

"अगं पण..."

"तुम्ही काही बोलायचं नाही. आमच्या घरच्यांना कळलं तर तुम्हाला दारात पाऊल टाकू देणार नाहीत. मला तुमचे हात हवेत."

तिचा नवरा तोआदेर अंगणात लाकडं फोडत होता. लाकूड-कारखाना बंद पडल्यापासून, म्हणजे ऑक्टोबरपासून, तो लाकडंच फोडत होता. चार हिवाळे पुरतील एवढी रास झाली होती. त्याची बहीण साफ्ता इटलीत. तिनं दोम्निकासाठी जागा बघून ठेवली होती, एका म्हातारीचं हगणं-मुतणं काढायची, घरातच राहून. दहा मार्चच्या सोमवारच्या बसमध्ये सीटही सांगून ठेवली होती. नवरा-बायकोचं ठरलं होतं असं: अंड्यांची ऑर्डर पुरी गेली आणि त्या माणसानं पुढची दिली, तर दोम्निका घरी राहील. नाहीतर बसमध्ये बसेल. इलिंका त्यांची पोर, सहा वर्षांची. साफ्ता दोन वर्षांसाठी म्हणून गेली होती, त्याला आता सात झाली. तिचा मुलगा आता शहरात वसतिगृहात असतो, फोनवर तिला "बाई" म्हणतो.

तोआदेर आत आला, बूट आपटून बर्फ झाडलं. दोम्निकानं त्याला सरळ सांगितलं.

"म्हणजे झालं की मग," तो म्हणाला. "साफ्ताला कळवतो."

"अजून नऊ दिवस आहेत."

"नऊ दिवसांत अडीचशे? तुझ्या कोंबड्या दिवसाला चार घालतात."

"गावात कोंबड्या आहेत."

"दारोदार अंडी मागत फिरणार? माझी बायको?"

"इटलीत म्हातारीचं पातेलं घासणारी पण तुझीच बायको ना?" मी म्हटलं. राहवेना मला. तो माझ्याकडे बघून पुन्हा कुऱ्हाड घेऊन बाहेर गेला.

त्याची आई खिडकीपाशी लोकर कातत होती. ग्लिकेरिया. आम्ही सगळ्या तिला आक्का म्हणतो. एकाहत्तर वर्षांची, पण अख्ख्या खोऱ्यात अंडी लिहावीत तर तिनं. आम्ही अंडी रंगवतो असं म्हणत नाही, लिहितो म्हणतो. किशित्सा म्हणजे बोरूसारखी काडी, टोकाला पितळी पत्र्याची नळी, नळीत एक केस. ती वितळलेल्या मेणात बुडवायची आणि अंड्यावर रेघ ओढायची. मग पिवळ्या रंगात बुडवायचं, पुन्हा लिहायचं, मग लाल, मग काळा. शेवटी ऊब देऊन मेण पुसलं की सगळं वर येतं. आम्ही फरची पानं, चांदण्या, मेंढ्याची शिंगं लिहितो. पण "चुकलेली वाट" नावाची नक्षी आहे, अंड्याला कुठंही न तुटता वळसे घेत जाते, ती फक्त आक्काच्या हातची. व्हिएन्नाच्या माणसाला तीनशेपैकी चाळीस तसली हवी होती. गेल्या वर्षी तसलंच एक हातात घेऊन तो दहा मिनिटं उलटसुलट फिरवत राहिला होता.

आक्का चाती फिरवत म्हणाली, "मी उपवास लागल्यावर लिहिते. त्याआधी नाही. आधीच सांगून ठेवते."

ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास लागणार होता दहा मार्चला. गाडी आठला.

गुरुवारी सकाळी आम्ही टोपल्या घेऊन निघालो. गुडघाभर बर्फ, वर ऊन, डोळे दिपून पाणी यायचं. दुकानातली अंडी चालत नाहीत, ती तपकिरी असतात आणि प्रत्येकाच्या पाठीवर लाल शिक्का. पांढरी, स्वच्छ, घरच्या कोंबडीची हवीत. आणि फेब्रुवारीत घरची कोंबडी म्हणजे अंगात आलं तरच अंडं घालणार.

पहिल्या घरी तीन मिळाली. दुसऱ्या घरी दार उघडलंच नाही, पडदा हललेला मी पाहिला. पुलाजवळच्या घरी लुक्रेत्सियानं दारातूनच विचारलं, "काय गं दोम्निका, इटलीची बस चुकली वाटतं? अंडी गोळा करत फिरतेस?"

दोम्निकाचे कान लाल झाले. "बस दहा तारखेला आहे," ती म्हणाली. "त्याआधी असतील तर द्या."

लुक्रेत्सिया आत गेली आणि अकरा अंडी घेऊन आली. शेणानं बरबटलेली. "टरफल तुझं, आतलं माझं," म्हणाली. "पांढऱ्या आठवड्यात मला शेवया करायच्यात. फुंकलंस की बरणीत घालून आणून दे. वास आला तर परत घेणार नाही."

पांढरा आठवडा म्हणजे मोठ्या उपवासाच्या आधीचा. मांस बंद झालेलं असतं पण दूध, लोणी, अंडी चालतात, म्हणून घराघरात बायका शेवटचं पोटभर करून घेतात. तिची अट गावभर पसरली. दुपारपर्यंत जो तो तेच म्हणायला लागला. टरफल तुझं, आतलं माझं. मग आम्ही दिवसा अंडी आणायची, फुंकायची आणि संध्याकाळी पिवळ्याधमक बरण्या छातीशी धरून घसरत घसरत परत पोचवायच्या. एकीला बरणी अर्धी वाटली. तिनं माझ्यादेखत चमच्यानं मोजली. मी म्हटलं, "पोटात गेलं असतं तर ढेकर आला असता माझ्या तोंडाला, वास घेऊन बघ." ती हसली नाही. पण शुक्रवारी तिनं आणखी आठ दिली.

झाम्फिरा मदतीला आली, धाकट्या पाद्र्याकडे स्वयंपाक करणारी. जिभेला हाड नाही, पण हात स्थिर. आम्ही तिघी पहाटेपासून दिवे लागेपर्यंत बसायचो. मेणाचा वास डोक्यात भिनला होता. दोम्निकाच्या अंगठ्याला फोड आला, तिनं सुईनं फोडला, फडकं गुंडाळलं आणि पुन्हा किशित्सा धरली. झाम्फिरा म्हणायची, "माझी चांदणी बघ, लंगडी झाली." दोम्निका म्हणायची, "चालेल, चालेल," आणि मग ते अंडं उचलून बघायची, तिचं तोंड आंबट व्हायचं, आणि ते बाजूला ठेवायची. लंगड्या चांदण्या जात नाहीत व्हिएन्नाला.

शुक्रवारी दुपारी मी आक्कासमोर जाऊन उभी राहिले. दोम्निका विचारणार नव्हती, तिला मी ओळखते.

"आक्का, चाळीस अंडी. दहा दिवस पुढंमागं झाले तर देव काय तराजू घेऊन बसलाय का?"

"तू देवाचं बोलू नकोस," ती म्हणाली. "मांस-लोणी खाल्लेल्या तोंडानं मी अंड्यावर हात ठेवत नाही. माझ्या सासूनं नाही ठेवला, तिच्या सासूनं नाही ठेवला. पोट जड असलं की हात जड होतो. वाट मध्येच तुटते."

"आणि तुझी सून बसमध्ये चढली की?"

"मग चढेल."

"इलिंकाला कोण बघेल?"

"साफ्ताच्या पोराला कुणी बघितलं?" आक्का म्हणाली. "मीच ना? तो वाढवला, ही पण वाढवीन." पण चातीचा धागा तुटला तिच्या हातून. तो जोडायला तिला तीनदा थुंकी लावावी लागली.

मी रागानं म्हटलं, "तू दगड आहेस दगड." घरी येऊन मला रडू आलं. चूक माझी आणि शिव्या मी तिला घालत होते.

रविवारी आक्कानं कामाच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि किल्ली एप्रनच्या नाडीला बांधली. रविवारी सुई धरायची नाही. चर्चमध्ये उभी असताना दोम्निकाची बोटं एप्रनवर रेघा ओढत होती, मी पाहिलं. त्या दिवशी एकशे सव्वीस झाली होती, त्यात "चुकलेली वाट" एकही नाही.

सोमवारी पांढरा आठवडा लागला. घरात लोण्याचा, तळलेल्या अंड्यांचा वास, आणि आमच्याकडे छत्तीस अंडी काळ्या रंगातून काढून तयार. फक्त मेण पुसायचं राहिलं होतं. ते चुलीपाशी एकेक धरून पुसायचं असतं. कंटाळवाणं काम, पण दुसरा मार्ग नाही. आम्ही तिघी पुढच्या खोलीत लिहीत होतो.

पहिला आवाज आला तेव्हा वाटलं लाकूड तडकलं. मग दुसरा, तिसरा. मग एकदम चार-पाच. आणि मग जळका वास.

धावत गेलो तर तोआदेर चुलीच्या भट्टीसमोर गुडघ्यावर बसला होता. जिथं आम्ही पाव भाजतो त्या भट्टीत त्यानं दोन्ही ताटं एकदम सारली होती. हातानं ताट ओढायला गेला तर बोटं भाजली. धुतल्यावर अंड्यात कुठं कुठं पाणी राहिलेलं असतं. वाफ कोंडली आणि फुटली. जी फुटली नाहीत त्यांचा लाल रंग शेणासारखा तपकिरी झाला होता. एकसुद्धा वाचलं नाही.

"लवकर होईल म्हटलं," तो म्हणाला. "सगळी एकदम पुसता येतील म्हटलं."

"मुद्दाम केलंस!" मी ओरडले. "बायकोला बसमध्ये घालायची घाई झालीय तुला!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. असा चेहरा मी त्याचा लहानपणापासून कधी पाहिला नव्हता. "मावशी, देवाशप्पथ नाही," तो म्हणाला. "पाच महिने मी या घरात काही केलं नाही. वाटलं, एक तरी..."

दोम्निकानं त्याचा हात धरला आणि बादलीतल्या बर्फात खुपसला. ती रडली नाही, रागावली नाही. फक्त म्हणाली, "तू आता लाकडं आण." एवढंच. त्या शांतपणाची मला भीती वाटली. माणूस आतून निघून गेला की असा बोलतो.

आक्का दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. पोराचा चेहरा, सुनेचा चेहरा, ताटातली ती काळी टरफलं.

दुपारी जेवायला बसलो. दोम्निकानं मोठं पातेलं भरून शेवया केल्या होत्या, आमच्या वाट्याला आलेली सगळी अंडी घालून, वर लोणी, वर दाट साय. आक्काच्या ताटात वाढलं. तिनं ताट पुढं सरकवलं.

"मला उकडलेला बटाटा दे. मीठ घालून."

"आई, शेवया गरम आहेत. तुम्हाला आवडतात."

"माझा उपवास लागला," आक्का म्हणाली.

इलिंका म्हणाली, "आजी, उपवास पुढच्या सोमवारी आहे. बाई म्हणाल्या शाळेत."

"तुझ्या बाईंचा पुढच्या सोमवारी असेल. माझा आज लागला."

झाम्फिरा आश्चर्यानं म्हणाली, "आक्का, पाद्रीबाबांना विचारलंस का गं?"

"नाही विचारलं. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते." आणि तिनं बटाटा सोलायला घेतला. तिच्या समोर साईची वाफ येत होती. चाळीस दिवसांच्या उपवासाला सात दिवस आणखी जोडायचे, एकाहत्तराव्या वर्षी, आणि तेही नेमके घरादारात लोणी उतू जाणारे दिवस. ती लोण्याची किती शौकीन आहे ते मला माहीत आहे.

मंगळवारी पहाटे तिनं अंग धुतलं, पांढरा रुमाल बांधला आणि खिडकीपाशी बसली. किशित्सेत घालायला दोम्निकाच्या वेणीतला एक केस मागितला. आमचे पांढरे केस जाड असतात. पहिल्या अंड्यावर तिनं रेघ सुरू केली आणि श्वास धरून सोडेना. आम्हीही श्वास धरून बसलो. वाट वळली, मागं गेली, पुन्हा वळली आणि जिथून निघाली तिथं येऊन मिळाली. आक्कानं अंडं ठेवलं आणि दुसरं उचललं.

चार दिवस तोआदेर डाव्या हातानं लाकडं आणायचा, उजव्याला पट्टी. बरण्या पोचवायला आता तोच जायचा. लुक्रेत्सियानं त्यालाही टोमणा मारला असणार, कारण परत आला की तो बराच वेळ अंगणात उभा राहायचा. संध्याकाळी तो चुलीपाशी बसून एकेक अंडं धरून मेण पुसायचा, भाजलेल्या बोटांनी, हळूहळू. एकही फोडलं नाही त्यानं. गुरुवारी आक्काला चक्कर आली. दोम्निका दूध घेऊन धावली, तर म्हातारीनं पेला असा ढकलला की अर्धा माझ्या अंगावर. "पाणी दे आणि उजेडातून बाजूला हो," म्हणाली.

शनिवारी दहा वाजता गाडी आली. व्हिएन्नाचा मालक आला नव्हता, ड्रायव्हर होता, लालबुंद मानेचा, घाईत. त्यानं ताटं मोजली. पुन्हा मोजली. दोनशे त्रेचाळीस आमची. "चुकलेली वाट" एकोणचाळीस. सगळी मिळून दोनशे ब्याऐंशी. मागितली होती तीनशे.

एकोणचाळीस ऐकून दोम्निकानं चमकून सासूकडे पाहिलं. आदल्या दिवशी आम्ही चाळीस मोजली होती. आक्का बटाटे सोलत होती. "शंभर वेळा काय मोजताय," ती म्हणाली. "माझ्याच्यानं एवढीच झाली."

ड्रायव्हर मान हलवत गाडीपाशी गेला, फोन लावला आणि जर्मनमध्ये बडबडत राहिला. आम्ही फाटकाशी ओळीनं उभ्या. थंडीनं पाय बधिर झालेले, पण एकही आत जाईना. मध्येच तो हसला. हसला ते बरं की वाईट, कुणाला कळणार? दोम्निकानं माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर तिथं निळं पडलं. मग तिच्या घरातला फोन वाजला. ती आत पळाली आणि तशीच धावत बाहेर आली.

"घेतोय," ती म्हणाली. "सगळी घेतोय. आणि ख्रिसमसला दोनशे, नोव्हेंबरच्या पंधरा तारखेपर्यंत. तारीख मी दोनदा विचारली, मावशी. आकड्यात विचारली."

झाम्फिरानं ड्रायव्हरच्या लाल मानेला मिठी मारली. तो बिचारा घाबरला. मी भिंतीला टेकून बसले, बर्फातच.

रविवारी संध्याकाळी, उपवासाच्या आदल्या दिवशी, आमच्यात सगळे एकमेकांची क्षमा मागतात. मोठ्यांच्या घरी जायचं, हातावर ओठ टेकायचे आणि म्हणायचं, "चुकलं माकलं क्षमा कर." मीही आक्काकडे गेले. मनाशी ठरवूनच गेले होते की आज सांगून टाकायचं. तोंड उघडलं आणि दोम्निकानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी नुसतंच म्हटलं, "क्षमा कर, आक्का."

"देव करो," ती म्हणाली, जसं सगळ्यांना म्हणतात तसं.

मग तोआदेर आला आणि आईसमोर गुडघे टेकले. "क्षमा कर, आई. उद्याच्या बसनं मी जातोय."

दोम्निकाच्या हातातली थाळी टेबलावर आदळली. "कुठं जातोयस? ऑर्डर गेली ना? ठरलं होतं ना आपलं?"

"तू राहायचं ठरलं होतं," तो म्हणाला. "तू राहतेसच. नोव्हेंबरपर्यंत काय खायचं, टरफलं? साफ्ताला फोन केला. तिच्या नवऱ्याच्या मालकाला बागेत माणूस हवाय. सीट सांगितलेलीच आहे, फुकट कशाला घालवायची?"

"मला विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

आक्कानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिला नवल वाटलं नाही, हे मला तेव्हा दिसलं. या घरातून कुणीतरी एक जाणार हे म्हातारीनं सोमवारीच ओळखलं होतं, ताट पुढं सरकवलं तेव्हाच. आणि तरी ती लिहायला बसली होती.

सोमवारी सकाळी पुलावर बस थांबली. तोआदेरची पिशवी लहानशी. इलिंकाला उचलून त्यानं तिचं थंड नाक गालाला लावलं. दोम्निका त्याच्या कोटाची बटणं लावत होती, लावलेलीच पुन्हा लावत होती. आक्कानं गाठ मारलेला रुमाल त्याच्या खिशात सरकवला. गाठीतून काळ्या-लाल रेघा दिसत होत्या. चाळिसावं.

"फुटेल गं आई, गर्दीत."

"फुटलं तर फुटू दे. तू ये परत."

बस गेली. आम्ही चौघी परत निघालो. आक्का माझ्या हाताला धरून चालत होती, उपवासानं हलकी झालेली. पूल संपल्यावर म्हणाली, "आनिसिया, लाल पेन्सिल माझ्या घरात नाही. कधीच नव्हती."

माझा पाय घसरता घसरता राहिला. "कधी कळलं तुला?"

"फोन आला त्या दिवशीच, कॅलेंडरावरचा गोल बघून. पेन्सिल तुझ्याच घरात असते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू पळून गेली असतीस. अंडी कुणी फुंकली असती?" ती थांबून दम घेत म्हणाली. "पण मी सोडणार नाहीये तुला. उपवास संपला की बघते."

इलिंका आईचा हात धरून पुढं चालली होती. ती मागं वळून पुलाकडे बघत होती, बस दिसत नव्हती तरी.

"बाबा कधी येणार?" तिनं विचारलं.

"ईस्टरला," दोम्निका म्हणाली. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाली.

"कुठल्या? आपल्या की त्यांच्या?"

दोम्निका थांबली. आक्काही थांबली. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी माझी दहाही बोटं एप्रनखाली घातली आणि घट्ट मुठी वळल्या.